मधुकररावांनी मोजलेला दस्ता

"आखा जिल्हा मोजला मी. पोरीच्या गालाएवढी जागा मोजता येत नाही का?" असं म्हणत मधुकररावांनी नातीच्या हातातली एअर रायफल काढून घेतली, तेव्हाच त्यांना कोणीतरी अडवायला हवं होतं. पण तेहतीस वर्षं सरकारी मोजणीत लोकांच्या बांधांवर साखळी ओढलेल्या माणसाला नंदनवन वस्तीतल्या त्या घरात अडवणार कोण?

श्वेताची अडचण मात्र खरी होती. रायफल कोणाची तरी वापरलेली, तिचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता श्वेताला लांब पडायचा आणि गालही नीट टेकायचा नाही. रविवारी नेमबाजीची जिल्हा निवड स्पर्धा होती. पहिल्या चौघी राज्यस्पर्धेला जाणार आणि पुढच्या वर्षी श्वेता त्या वयोगटातून बाहेर! सीताबर्डीतल्या दुकानदारानं दस्ता पुण्याला पाठवावा लागेल, महिना लागेल, असं सांगून हात वर केले. तेव्हा ती नाइलाजानं आजोबांना म्हणाली, "करा आबाजी, पण लोखंडाले हात लावू नका."

दस्ता सुटा झाला. आता माप कोणाचं घ्यायचं? श्वेता दिवसभर कॉलेजात आणि क्लासला. पण तिची आजी प्रयागबाई अंगानं-उंचीनं अगदी नातीएवढी. नातीचे कुर्ते तिला बाहीसकट बरोबर यायचे. झालं! स्वयंपाकघरात बोलावणं गेलं. प्रयागबाई पदराला हात पुसत आल्या, त्यांनी ते लाकूड खांद्याला लावलं आणि मधुकररावांनी खांदा, गाल, अंगठा अशी तिन्ही ठिकाणं खडूनं आखून घेतली.

मग करवत, कानस आणि पॉलिश पेपर असं तीन दिवस चाललं. दर अर्ध्या तासाला हाक यायची, "धर वं." प्रयागबाई तव्यावरची पोळी सोडून यायच्या, धरायच्या, जायच्या. वरणात लाकडाचा भुसा दिसायला लागला तेव्हा त्यांनी विचारलंच, "मी सैपाक करू का शिकारीले जाऊ?" त्यावर मोजणीच्या वेळी खातेदारानं हजर राहायचं असतं, असा नियम त्यांना ऐकवण्यात आला. चटणीसाठी आणलेलं जवसाचं तेलही दस्त्यालाच पाजलं गेलं. शेजारचे मनोहरराव ती चकाकी बघायला आले आणि तासभर व्याख्यान ऐकून गेले.

शनिवारी सकाळी श्वेतानं दस्ता उजव्या खांद्याला लावला. गाल टेकायची जागा भलतीकडेच होती आणि अंगठ्याच्या जागी उंचवटा आला होता.

"आबाजी, हे उलटं झालं."

मधुकररावांनी आधी तिलाच धरायची रीत शिकवली. मग पट्टी आणली. माप सूतभरही चुकलं नव्हतं! शेवटी साक्षीला प्रयागबाईंना बोलावलं. त्यांनी दस्ता उचलला आणि सरळ डाव्या खांद्याला लावला. गाल खाचेत गेला, अंगठा आपल्या जागी बसला.

"आजी, तू डावखुरी आहेस?"

"मंग? जेवाले अन् पूजेले मायनं रट्टे देऊन उजवा लावला. बाकी समदा कारभार डाव्यानंच." मग नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं झाली यायच्यासंगं."

आता जेवण आणि पूजा सोडली, तर बाकी वेळ मधुकररावांच्या तोंडासमोर पेपर असायचा, त्याला ते तरी काय करणार? शिवाय जमिनीला चतुःसीमा असते, डावा-उजवा खांदा नसतो. पण कानशीनं काढलेलं लाकूड परत भरून येत नाही, हे त्यांनाही कळत होतं. श्वेता रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "राहू द्या आबाजी" म्हणून आत गेली. मधुकररावांना मनापासून लाज वाटली. दुपारी जेवताना ते ताटाकडे कमी आणि बायकोच्या हातांकडे जास्त बघत होते.

रविवारी, काही दुरुस्ती होते का बघू म्हणून, दस्ता पुन्हा रायफलीला जोडून सगळे स्पर्धेला गेले. श्वेता क्लबची मिळेल ती रायफल घेणार होती. प्रशिक्षक कृष्णकांत सरांनी मात्र तो दस्ता उलटसुलट करून पाहिला आणि उमरेडच्या पिंकीला बोलावलं. ती डावखुरी पोर दोन वर्षं उजव्या हाताच्या रायफलीवर मान वाकडी करून नेम धरत होती. तिनं हा दस्ता खांद्याला लावला आणि हसायलाच लागली. तिची रायफल श्वेताकडे आली, आणि ती श्वेताला छान बसली. मग काय, दोघींनी मन लावून गोळ्या मारल्या. पिंकी तिसरी आली, श्वेता चौथी.

मधुकररावांच्या जिवात जीव आला. भोवती माणसं जमली. डावखुऱ्यांसाठी इतका नेमका दस्ता घरी कसा काय केलात, एवढी बारीक माहिती कुठून मिळवली, असं सर विचारू लागले. मधुकररावांची छाती पुन्हा फुगली.

"माहिती कायची, घरातच आहे ना," ते म्हणाले. "आमची मंडळी डावखुरी आहे, लहानपणापासून."

प्रयागबाई पाण्याची बाटली घेऊन बाजूलाच उभ्या होत्या.

"हो," त्या सरांना म्हणाल्या, "अन् यायले कालपासून माहीत आहे."