साक्षगंधात विभीषण

कौसल्याबाईंनी सकाळीच नवऱ्याला देवासमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली.

"आज पाहुण्याइसमोर रामायण नाई. महाभारतबी नाई. हो म्हना."

"पण त्याइनंच विचारलं तं?" देवराव म्हणाले.

"तं म्हना, मले मालूम नाई."

हे वाक्य देवरावांना प्राण गेले तरी जमण्यासारखं नव्हतं. बाभुळगावच्या देवळात पोथी संपल्यावर जो वाद चाले, तो त्यांच्याशिवाय रंगतच नसे. धर्मराजानं द्यूत का खेळावं, भीष्मानं भर सभेत मान खाली का घालावी, कर्णानं मित्राला जपलं की धर्माला सोडलं, यातल्या प्रत्येक प्रश्नावर त्यांचं मत होतं आणि ते बदललेलं कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला, निकिताला पाहायला एक मुलगा आला होता. त्याच्या मामाशी देवरावांचं भीष्मावरून वाजलं आणि मामा अर्धा चहा तसाच ठेवून उठला. स्थळ चांगलं होतं, असं कौसल्याबाई नंतर म्हणाल्या. भीष्म चुकलाच होता, असं देवराव म्हणाले.

या वेळची गोष्ट वेगळी होती. निकिता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. घाटंजीकडचा रजत कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. त्याच्या हाताला टाके घालताना दोघांची ओळख झाली आणि टाके काढल्यावरही तो काही ना काही दुखतंय म्हणून दवाखान्यात येत राहिला. रीतसर बोलणी झाली आणि आज साखरपुडा, तिकडच्या भाषेत साक्षगंध, होता. अंगणात मांडव, चुलीवर बेसनाच्या पातोडीचा रस्सा, बैठकीत पाहुणे. सगळं जागच्या जागी होतं. फक्त अंगठ्यांचा विधी सांगणारे महाराज तेवढे आले नव्हते. त्यांची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती.

रिकामा वेळ वाईट. रजतचे वडील विठ्ठलराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले होते. त्यावर रामाच्या राज्याभिषेकाचं चित्र होतं. सहज काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी विचारलं, "देवरावजी, याच्यातला विभीषण कोनता हो?"

स्वयंपाकघरात कौसल्याबाईंचा हात रश्श्यावर थांबला. बाहेर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यांना वाटलं, जमलं. मग देवरावांचा आवाज आला.

"तो कोपऱ्यातला. मुकुटवाला. घरभेदी."

"घरभेदी कायले? भाऊ चुकला तं त्याले चुकला म्हनाव नाई?"

"म्हनाव ना. घरात म्हनाव. शत्रूच्या छावनीत जाऊन नाई. कुंभकर्ण पाहा. त्यानंबी रावणाले तोंडावर सांगतलं, तू चुकला म्हनून. पण मंग भावासाठीच लढाले गेला. त्याले म्हनते भाऊ."

कौसल्याबाईंच्या शेजारी बसून विठ्ठलरावांच्या पत्नी, तानाबाई, कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "काय बोलून राह्यले हो इवाई," त्या व्याह्यांबद्दल हळूच म्हणाल्या. "आमच्या याइच्या मोठ्या भावानं, घनश्यामभाऊजीनं, आमच्या गावची पांदण तार घालून अडवली होती. लोकाइले वावरात जाले वाट नाई राह्यली. याइनं तहसीलमंदी जबानी देल्ली भावाच्या विरोधात. वाट मोकळी झाली, पण भाऊ बोलनं सोडून गेला. गावात काई लोकं याइले तेच म्हनते. घरभेदी."

कौसल्याबाईंनी चुलीची लाकडं संपल्याचं निमित्त करून नवऱ्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. देवराव घाबरले. माणूस मनानं वाईट नव्हता. "काई चिंता करू नको, आता सावरतो," म्हणून ते बाहेर गेले. कौसल्याबाईंना खरी भीती त्याचीच वाटली.

"विठ्ठलरावजी," देवराव गोड आवाजात म्हणाले, "इचार केला तं विभीषणाचंबी काई वाईट झालं नाई. शेवटी लंका तं त्यालेच भेटली."

पांदणीची वाट मोकळी झाल्यावर पहिलं शेत विठ्ठलरावांचंच लागत होतं. त्यावरूनही गावात बोलणं झालं होतं. विठ्ठलरावांनी हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"म्हनजे त्यानं लंकेसाठी केलं, असं तुमाले म्हनाचं हाये."

"मी कुटी म्हतलं?"

तेवढ्यात देवरावांचे चुलतभाऊ उकंडाभाऊ पुढे सरसावले. त्यांना ऐकू कमी येई, पण घरच्या माणसाची बाजू घ्यायची असते एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. "कुंभकर्ण एक नंबर मानूस," ते मोठ्यानं म्हणाले. "खाल्लं, झोपला, भावासाठी मेला. दुसरं काय पाह्यजे मानसाले?"

बाभुळगावकर हसले. घाटंजीकर हसले नाहीत. बैठकीत मधली सतरंजी रिकामी होत गेली आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या भिंतीला टेकली. मग विठ्ठलरावांनी मुलाला विचारलं, "रजत, तू सांग. कोन बरोबर?"

रजतनं आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड निकिता उभी होती, पण या प्रश्नाला तिच्याजवळही औषध नव्हतं. "मले वाटते," तो म्हणाला, "दोघंबी आपापल्या जागी बरोबर होते."

"मंग रावणबी आपल्या जागी बरोबर असन," देवराव म्हणाले.

"बापाची बाजू घेतानी जीभ जड होते काय तुही?" विठ्ठलराव म्हणाले.

नेमके तेव्हा महाराज घामाघूम होऊन दारात आले. दोन्ही बाजूंनी त्यांना एकदम तोच प्रश्न विचारला. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की मुहूर्त टळून राह्यला. यावर विठ्ठलराव उठलेच.

"टळू द्या. ज्या घरात आमाले तोंडावर घरभेदी म्हनते, त्या घराशी सोयरीक कशी कराव? चला."

पाहुणे चपला शोधू लागले. आणि कौसल्याबाई हातातल्या पळीसकट बैठकीत आल्या.

देवळातल्या वादात त्या कधी बोलल्या नव्हत्या. बायकांच्या बाजूला वाती वळत त्यांनी नुसतं ऐकलं होतं, वर्षानुवर्षं, सगळं. आज त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बसा भाऊ. एक सांगा, मंग जा. रावणाले पयले कोनं समजावलं?"

"विभीषणानं," विठ्ठलराव म्हणाले.

"कुंभकर्णानं," देवराव म्हणाले.

"मंदोदरीनं," कौसल्याबाई म्हणाल्या. "त्याच घरात राहून. दुसऱ्याची बायको परत नेऊन द्या म्हने. तिचं ऐकलं असतं तं एका भावाले घर सोडा लागलं नसतं अन् दुसऱ्याले मरा लागलं नसतं. तुमी दोघं कवापासून भाऊ भाऊ करून राह्यले. तिचं नाव तरी घेतलं काय कोनी?"

देवरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी ते मिटलं.

"सांगतलं होतं तिनं," ते शेवटी म्हणाले. "खरं हाये."

कौसल्याबाई विठ्ठलरावांकडे वळल्या. "गावाची वाट अडली तं तुमी जबानी देल्ली, ते चांगलंच केलं. याइले हे मालूम नव्हतं, म्हनून हे बोलले. पण तानाबाईनं तुमाले तवा काय सांगतलं होतं?"

हा बाण कौसल्याबाईंनी अंदाजानंच सोडला होता. पण तानाबाई कोथिंबिरीची काडी हातात घेऊनच बाहेर आल्या.

"मी म्हतलं होतं," त्या म्हणाल्या, "जबानी द्या, पण आंदी भाऊजीच्या घरी जा. उद्या मी तहसीलमंदी बोलनार हावो, हे त्याइले तुमच्या तोंडानं सांगा. गेले नाई हे. त्याइले गावाकडून कळलं."

विठ्ठलरावांनी एकदा कॅलेंडरकडे पाहिलं आणि ते खाली बसले. त्यांच्यामागोमाग घाटंजीकर बसले. देवराव उठून रिकाम्या सतरंजीवर आले आणि व्याह्यांच्या शेजारी मांडी घालून म्हणाले, "माझं चुकलं, विठ्ठलरावजी."

कौसल्याबाईंनी हे वाक्य संसारात पहिल्यांदाच ऐकलं. ते त्यांना उद्देशून नव्हतं, तरी त्यांनी ते ठेवून घेतलं.

निकिता कुणी बोलावण्याची वाट न पाहता आली, रजतच्या शेजारी पाटावर बसली आणि म्हणाली, "महाराज, करा सुरू." मुहूर्त अजून थोडा शिल्लक आहे, असं महाराजांना त्याच क्षणी आढळलं. अंगठ्या झाल्या, अक्षता पडल्या, उकंडाभाऊंनी कुंभकर्णाच्या विजयाप्रीत्यर्थ टाळ्या वाजवल्या.

मग विठ्ठलराव फोन घेऊन मांडवाच्या टोकाशी गेले. घंटी वाजत राहिली. शेवटी पलीकडून घनश्यामभाऊंचा आवाज आला. "काय हाये?"

"दादा, रजतचं साक्षगंध झालं आता."

"झाल्यावर सांगून राह्यला?"

"यावेळीबी चुकलंच माझं. लग्नाले ये."

मग घनश्यामभाऊ म्हणाले, "पत्रिकेत माझं नाव वर टाकजो," आणि फोन ठेवला. विठ्ठलराव डोळे पुसत आणि हसत परत आले.

जेवणाच्या वेळी पुरुष सवयीनं ताटांकडे निघाले. कौसल्याबाई पळी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. "आज पयली पंगत बायाइची," त्या म्हणाल्या. आजच्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तानाबाई, निकिता आणि दोन्हीकडच्या बायका ओळीनं बसल्या. त्यांच्यामध्ये कौसल्याबाई. विठ्ठलरावांनी पोळ्या वाढल्या, रजतनं भात आणला आणि देवराव रश्श्याची बादली घेऊन, एकेकीपुढे वाकत, शेवटी बायकोच्या ताटाशी आले.

"कसा झाला रस्सा?" त्यांनी विचारलं.

कौसल्याबाईंनी घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ जरासं कमी हाये," त्या म्हणाल्या.

रस्सा त्यांनीच केला होता आणि मीठ बरोबर होतं. पण पहिल्या पंगतीला बसून असं एकदा म्हणून पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती.