गाडीवरचे हरभरे

कारकुनाने एका सकाळी दात घासता घासता ठरवलं, की लेकीला उकडलेले हरभरे खायला घालायचेच. तोंडात फेस होता तोवर ठीक होतं. चूळ भरली आणि त्याने ते बायकोला बोलून दाखवलं. तिथेच फसला.

कारण तसं साधं नव्हतं. लेक, भिंगरी, दुसरीत. प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. आई नर्स, पहाटे कामावर जायची, म्हणून डबा बापाकडे.

"जगाच्या पोरांना मी सलाईन लावते आणि माझंच पोर आडवं पडतं," ती म्हणाली. "पुन्हा पडली तर राजीनामा देईन. मग चालवा घर तुमच्या एकट्याच्या पगारात."

हे ऐकून कारकुनालाच चक्कर आली.

हरभरे डब्यातून शाळेत गेले आणि शाळा बघून परत आले. भिंगरीचं जेवण होत होतं फाटकासमोरच्या हातगाडीवर. चिप्स, रंगीत पाणी आणि काळ्या तेलात तळलेलं काहीबाही. (शाळेत फळ्यावर सफरचंद काढायचं आणि फाटकाबाहेर हे विकायचं. कोणाला काही वाटत नाही.)

कारकून तावातावाने भांडायला गेला. "तुम्ही पोरांना विष विकता, बाई!"

"मग तुम्ही अमृत विका की. मी काय हात धरलाय?" गाडीवाली म्हणाली. "बघू, डब्यात काय देता ते."

तिने एक दाणा चावला आणि तापाच्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "दादा, हे पोर खाईल? ठेवून जा इथे. मी कागदाच्या कोनात घालून विकते. विकत घेतलं की गोड लागतं."

मधल्या सुट्टीत कारकून विजेच्या खांबाआड उभा राहिला. (खांब अरुंद, कारकून रुंद. पण खाताना पोरं वर बघत नाहीत.) गाडीवालीने मीठ भुरभुरलं, वरून लिंबू पिळलं. भिंगरीने कोन रिकामा करून कागद चाटला. बापाचे डोळे भरून आले. स्वतःचेच हरभरे, स्वतःच्याच पैशाने विकत घेतलेले, पण पोटात गेले ना!

दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या मैत्रिणीला हवे झाले. मग मैत्रिणीच्या भावाला. मग सगळ्या वर्गाला. कारकून कुकर सोडून पातेल्यावर आला, पातेलं सोडून शेजारणीच्या टोपावर. ऑफिसात फायलीवर डोकं टेकून घोरू लागला.

"घरात घोडा पाळलाय का?" बायकोने हरभऱ्यांचा रिकामा डबा आपटत विचारलं.

"हरभऱ्यांना कीड लागली होती. टाकले," कारकून म्हणाला. खरं सांगावं तर ते भिंगरीच्या कानावर जाणार, आणि बापाच्या हातचं आहे कळलं की पोरगी खाणं सोडणार. पोरीच्या गालांवर रंग येत होता, तेवढ्यावर तो टोप घासत होता.

रजेच्या दिवशी बायको स्वतः गाडीवर जाऊन खाऊन आली. "शिका जरा त्या बाईकडून," ती म्हणाली. कारकुनाने मान हलवली. मान तेवढी त्याच्या ताब्यात होती.

पुढच्या आठवड्यात तो टोप घेऊन गेला, तर गाडीवालीने झाकणसुद्धा उचललं नाही.

"दादा, आता नको. कधी कच्चे, कधी लगदा. गिऱ्हाईक तक्रार करतं. मी दुसरीकडून घ्यायला लागलेय."

"कोण गिऱ्हाईक?"

तिने चमच्याने दाखवलं. भिंगरी कमरेवर हात ठेवून समोरच उभी. "बाबा, तुम्ही? तुम्ही पण इथेच खाता होय? आता घ्या. आधी कोणी वेंधळा माणूस करायचा, मीच मावशीला सांगून त्याला काढायला लावलं."

कारकुनाने टोप पायामागे सरकवला आणि कोन घेतला. हरभरे चांगले होते. मेले फारच चांगले होते. त्याने दुसरा कोन मागितला.

भिंगरीला बापाची दया आली असावी. जवळ येऊन हळूच म्हणाली, "थोडे घरी न्या, बाबा. आईला सांगू, तुम्ही केलेत."

मग जरा विचार करून म्हणाली, "नाही, नको. तिला लगेच कळेल."