रहीममामूंचं बॅरल

पेट्रोल स्वस्त झालं की सुतक पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या शेजारी राहतो. त्याच्याकडं गाडी नाही. सायकल आहे, तिलाही ब्रेक नाही.

निलंग्यातल्या माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाला लागूनच रहीममामूंचं घर. त्या दुष्काळाच्या वर्षी मामू रोज सकाळी आधी पंपावर जायचे आणि मग माझ्या दुकानात यायचे. भाव रोज बदलत नाही हे पंपावरच्या पोऱ्यानं त्यांना शपथेवर सांगितलं होतं, तरी विचारायचेच. उतरलेला असला की तोंड पाडून बाकावर बसायचे.

"बॅरलनं मान टाकली, भाऊ."

"चांगलंच की, मामू. स्वस्त झालं."

"तुमाला स्वस्त! तिकडं रिग बंद पडून राहिल्या, पोरं बॅगा भरून राहिली, अन् तुमी इथं टाकी फुल करून राहिलाव!"

एकदा तर पंपावर एका जीपवाल्याला ते म्हणाले, "दुवा करा, परत महाग होऊ दे." जीपवाला खाली उतरला. मी मध्ये पडलो नसतो तर त्या दिवशी मामूंनीच मान टाकली असती.

मामूंची सगळी उमर आखाती वाळवंटात तेलाच्या विहिरी पाडण्यात गेली. पाडायचं ते यंत्र, म्हणजे रिग. मामू तिच्यात पाइपाला पाइप जोडायचे. पण सांगताना "सारी दुनिया आपल्या भरवशावर गाडी चालवती" असं सांगायचे. तेलाला भाव असला की कंपन्या नव्या विहिरी पाडतात, भाव पडला की काम थांबवतात, आणि सगळ्यात आधी पाइप जोडणारा घरी जातो, हे अर्थशास्त्र मला त्यांनीच शिकवलं. औसा, निलंगा, किल्लारीकडची कितीतरी पोरं त्यांनी त्या कामाला नेली होती. म्हणून बॅरल पडलं की मामूंना त्यांचे चेहरे दिसायचे.

स्वतः मामू आदल्या वर्षीच परत आले होते. बायको जुबेदाचाची ते तिकडं असतानाच वारली. मूलबाळ नाही. त्याबद्दल ते बोलत नसत. का आलात विचारलं की म्हणायचे, "नजर गेली." पण रस्त्याच्या टोकाला वळणारी एसटी बघून मला सांगायचे, "ती उदगीर न्हाई, औराद हाय."

"मामू, नजर गेली ना?"

"ती लांबची, भाऊ. गेली ती जवळची."

दुसऱ्या दिवशी मी कॉइल भरत होतो. केसासारखी तार तुटलेली मला सापडेना. मामूंनी बसल्या जागेवरून बोट ठेवलं. मी नुसतं पाहिलं.

"ती जवळची," मामू म्हणाले. "गेली ती मधली."

त्याच वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली होती. जिल्हा झाला की ऑफिसं, ऑफिसं आली की नोकऱ्या, असं चहाच्या टपरीवर ठरून गेलं होतं. नळाला पाणी नव्हतं, पण कलेक्टरचा बंगला कुठं बांधायचा यावर दोन गट पडले होते. मामू दोन्हींत नव्हते. "जिल्हा खोदून काय निघतंय?" एवढंच विचारायचे.

खोदकामाचा मात्र आमच्याकडं तेव्हा सुकाळ होता. पाणी जितकं खाली जाई तितक्या बोअर पाडायच्या गाड्या वाढत. तिकडं तेल फार झालं म्हणून खोदणं बंद, इकडं पाणी नाही म्हणून खोदणं चालू. गाडी कुठंही लागली की मामू हजर. पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाले, "ही रिग? ही तर शिलाई मशीन हाय!"

आमच्या ओळखीच्या सर्जेराव पाटलांच्या रानात बोअर चालू होती. पाणी शोधणाऱ्या नारळवाल्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. दुपार झाली, तरी वर येत होता तो नुसता पांढरा फुफाटा. मामू पुढं झाले, चिमूटभर भुकटी बोटावर चोळली, नाकाशी नेली, विचार केला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "तेल न्हाई."

"मामू, तेल कुणी मागितलंय?" पाटील ओरडले. "पानी! पानी हाय का?"

"त्याचा वास मला येत न्हाई," मामू म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले. पाटलांनी उचललेलं ढेकूळ मी पाहिलं होतं, मामूंनी नाही. बहुतेक ते मधल्या अंतरावर होतं.

मग एक दिवस दुकानासमोर जीप थांबली आणि भली मोठी बॅग घेऊन सुधाकर उतरला. किल्लारीकडचा हा पोरगा मामूंच्या हाताखाली पाइप जोडायचा. स्वतःच्या घरी जायच्या आधी तो मामूंकडं आला होता. मामू बाकावरून उठले.

"तू? तू कसा काय आलास?"

"सगळ्यांनाच पाठवलं, मामू. रिग आडवी केली, काम बंद."

मामू परत खाली बसले. मग चहा सांगायला म्हणून टपरीकडं गेले.

ते गेल्यावर सुधाकर मला म्हणाला, "भाऊ, मी त्यांना काय तोंड दाखवू? गेल्या साली आमच्या दोघांतलं एकच ठेवायचं ठरलं होतं. मी नवा, मीच जानार होतो. मामू सायबाकडं गेले अन् म्हनले, मला दिसत न्हाई. साहेब आमचा खुळा, त्यानं तपासलंबी न्हाई. त्याच सकाळी मामूंनी माझ्यासमोर सुई ओवून सदऱ्याला बटन लावलं होतं."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हननार? घरी माय एकटी. गप बसलो. अन् एवढं करून साल सरायच्या आत मीबी हितंच."

मामू चहा घेऊन आले. आमची तोंडं बघून त्यांना कळलं. "जास्त बोलतो हा," म्हणाले आणि सुधाकरचा कप माझ्या हातात दिला.

सुधाकरला आईसमोर जायचा धीर होईना. शेवटी मामूच म्हणाले, "चल, मी सांगतो तिला." मला साक्षीदार म्हणून घेतलं. जीपमध्ये मामूंनी भाषणाची तयारी केली. जगात तेल कसं जास्त झालं, कोणत्या देशानं कुणाची कशी जिरवली, बॅरल परत कधी उठणार, सगळं.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या एकसारख्या घरांच्या रांगेत सुधाकरचं घर. त्याची आई, कौसाबाई, नुकती टँकरवरून घागर घेऊन आली होती. पोराला बघून तिनं घागर खाली ठेवली. मामू पुढं झाले.

"आक्का, पोराची चूक न्हाई. दुनियेच्या बाजारात बॅरलनं..."

कौसाबाईनं ऐकलंच नाही. पोराच्या तोंडावरून हात फिरवला. "बारीक झालास रं," म्हणाली आणि घागरीतून तांब्या भरून त्याच्या हातात दिला. दुसरा भरून मामूंना दिला.

"आक्का, नोकरी गेली त्याची," मामू हळूच म्हणाले.

"जाऊ द्या. रोज वाटायचं, कुठलं लोखंड पडतंय की डोक्यात. एक रात झोपले न्हाई मी. बरं झालं ते पडलं, तुमचं काय ते बॅरल."

बॅरल पडल्याचा आनंद झालेल्या माणसाला मामू पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. तांब्या हातात तसाच धरून उभे राहिले.

"तुमी आलाव तवा घरी कोन होतं, मामू?" कौसाबाईनं सहज विचारलं.

मामूंनी जरा आठवल्यासारखं केलं.

"कुलूप होतं, आक्का."

कौसाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग चुलीकडं वळत म्हणाली, "जेवून जावा."

"नक्को, नक्को. जीप चुकंल," मामू म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

जेवणं झाली. शेवटच्या जीपनं हॉर्न दिला तसा मी उठलो. मामू भिंतीला टेकून बसले होते, शेजारी सुधाकर प्रवासाच्या थकव्यानं बसल्या जागी झोपला होता. त्याची मान घसरून मामूंच्या खांद्यावर आली होती.

"चला, मामू."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मला 'तुमी व्हा पुढं' अशी खूण केली.