संस्थापक जॉन डोईफोडे

निरवांगीच्या पेरू उत्पादक गटाकडे अध्यक्ष होता, उपाध्यक्ष होता, गोल शिक्का होता आणि शिक्क्यासाठी शाईचा पॅडही होता. वेबसाईट तेवढी नव्हती, पण तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मग एका सकाळी पुण्यातल्या ज्यूस कंपनीच्या खरेदी अधिकारी योगिनी मॅडम बागा बघायला आल्या. त्यांनी एक पेरू चाखला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाल्या, "माल उत्तम आहे. सगळा घेऊ. तुमच्या वेबसाईटची लिंक पाठवा. वेबसाईट नसेल तर आमच्याकडे फाईलच उघडत नाही."

"हाय की! पाठवतो," अध्यक्ष विजयसिंहराव म्हणाले.

नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. नाही म्हणणारा माणूस अध्यक्ष होत नसतो. मॅडमची गाडी वळणाआड गेल्यावर ते बायकोकडे वळले. "स्वरूपा, वेबसाईट म्हंजे नेमकं काय असतं गं?"

"नसतंय ते हाय म्हणून दाखवायचं असतं," स्वरूपाबाई पेरू निवडता निवडता म्हणाल्या. "तुमाला जमंल."

विजयसिंहरावांना हसू आलं नाही. झाडं पेरूंनी वाकली होती. माल कंपनीला गेला तर वर्षाची मेहनत सुफळ, नाही तर बाजारात नेऊन व्यापारी म्हणेल त्या भावाला ओतायचा. आणि पेरू काही फाईल उघडेपर्यंत फांदीला धरून बसत नाही.

तातडीची सभा भरली. विषय क्रमांक एक : वेबसाईट घरी करावी, की माणूस लावून करून घ्यावी. माणूस म्हणून बारामतीचा नागेश हजर होता. त्यानं दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या अशा पुष्कळ वेबसाईट केल्या होत्या. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला वेबसाईट पाहिजे कशासाठी?"

सभेला हा प्रश्न उद्धट वाटला. "कशासाठी म्हंजे? समद्यांची असती म्हणून," उपाध्यक्ष लखन म्हणाला. अध्यक्षांना विरोध करणं हे त्याच्या पदाचं मुख्य काम होतं, पण परक्यापुढे दोघांचं एकमत होत असे.

"मग सोपं आहे," नागेश म्हणाला. "पेरूचे चार चांगले फोटो, एक फोन नंबर आणि माल कधी निघतो ते. बास. लगेच करून देतो."

हे 'बास' नागेशला भोवलं. काम अवघड आहे म्हणून कपाळाला आठ्या घातल्या असत्या, तर सभेनं त्याला फेटा बांधला असता. जे सोपं आहे त्याचे पैसे का म्हणून द्यायचे? सगळ्यांत ज्येष्ठ सभासद गेणबातात्या काठी टेकत उठले. "आरं, येवढंच हाय तर घरी का हुईना? गोठ्यात म्हैस बांधलेली असताना पिशवीतलं दूध कशाला?"

वेबसाईट स्वबळावर करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि गेणबातात्या यांची उपसमिती नेमली गेली. नागेशनं चहा घेतला, अडलं तर फोन करा म्हणाला आणि गाडीला किक मारली.

उपसमिती विजयसिंहरावांच्या ओसरीवर बसली. मोबाईलवर फुकटात तयार वेबसाईट मिळते, आपण फक्त आपली माहिती भरायची, हे लखनला ठाऊक होतं. तयार नमुन्यांत दाताच्या डॉक्टरांचा होता, व्यायामशाळेचा होता, कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्यांचाही होता. पेरूचा नव्हता. एकाचा रंग हिरवा होता, म्हणून तो निवडला. त्यात सगळ्यांत वर, हाताची घडी घालून, निळ्या कोटातला एक गोरा हसत उभा होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : जॉन डो, संस्थापक.

"ह्यो कोण?" तात्यांनी विचारलं.

"नमुना हाय त्यो. ह्याला काढून माझा टाकायचा," विजयसिंहराव म्हणाले. मागच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा त्यांचा गॉगल घातलेला फोटो तयारच होता.

"तुमचा का म्हणून?" लखन उसळला. "बाग माझी मोठी हाय."

"बाग मोठी असंल, पद माझं मोठं हाय."

"आन् वय?" तात्यांनी काठी आपटली. "वयाचा काय मान हाय का न्हाय?"

बातमी गावात फुटली आणि संध्याकाळपर्यंत गटातल्या झाडून साऱ्या सभासदांचे फोटो येऊन पडले. सगळे सारख्या आकारात बसवून पाहिले, तेव्हा एकेक चेहरा पेरूच्या बीएवढा झाला. स्वतःचा चेहरा कुणालाच सापडेना आणि दुसऱ्याचा मात्र मोठा दिसू लागला. पेरूचे फोटो कुठे टाकायचे, हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

शेवटी लखननं तोडगा काढला. "माझा नगं, तर तुमचाबी नगं. हाय त्योच ऱ्हाऊ द्या."

सगळे विचारात पडले. गोऱ्याचा गावात बांध नव्हता, भावकी नव्हती. कुणाच्या लग्नात त्याचा आहेर राहिला नव्हता.

"कुठल्या पॅनलचा हाय?" तात्यांनी खात्री करून घेतली.

"कुठल्याच न्हाय."

"मग बिनविरोध!"

तात्यांना फक्त आडनाव खटकत होतं. "नुसतं 'डो' कुठं असतंय व्हय? जागा पुरली नसंल, म्हणून पुढचं कापलंय. डोईफोडे असणार. नीरेपल्याड लई डोईफोडे हायेत." माहिती भरताना चूक राहायला नको म्हणून उपसमितीनं ती दुरुस्ती केली. निरवांगी पेरू उत्पादक गट, संस्थापक : श्री. जॉन डोईफोडे. आपला फोटो गेला याचं विजयसिंहरावांना वाईट वाटलं, पण लखनचाही नाही या विचारानं त्यांना झोप चांगली लागली.

लिंक गेली आणि मॅडमचा फोन आला. "विजयसिंहजी, तुमचे संस्थापक फॉरेनचे आहेत हे बोलला नाहीत! आमचे साहेब एकदम खूश. लगेच फाईल उघडली. ते स्वतः डोईफोडे सरांशी बोलणार आहेत."

फोनवर बोलायला डोईफोडे सर आणायचे कुठून? आता घरी करण्यात अर्थ नव्हता, माणूसच लावला पाहिजे. नागेशला सन्मानानं बोलावण्यात आलं. त्यानं गोऱ्याला काढलं, पेरूचे सुरेख फोटो घातले, फोन नंबर टाकला आणि आणीबाणीचा उपाय म्हणून वर अध्यक्षांचा फोटो लावला, गॉगलसकट. वेबसाईट अशी देखणी झाली, की विजयसिंहराव जेवतानाही ती उघडून बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅडम. "अहो, तुमच्याकडे काही भांडण झालं का? साहेब विचारतायत, सर सोडून गेले का? आणि हे गॉगलवाले कोण? फाईल थांबवलीय."

बागेत पेरू पिवळे पडू लागले होते. विजयसिंहराव झाडाखाली बसले. गट त्यांनी उभा केला होता, दारोदार फिरून सभासद जमवले होते, आणि आता गटाच्याच वेबसाईटवर त्यांचं तोंड चालत नव्हतं. त्यांना मनापासून रडू आलं.

"अवं, असं काय करताय?" स्वरूपाबाई शेजारी येऊन बसल्या. "तोंड कुठं जातंय? ते हितंच ऱ्हाणार हाय. पेरू ऱ्हायचं न्हाईत."

विजयसिंहरावांनी नाक पुसलं आणि नागेशला फोन लावला. "पाव्हणं, त्यो गोरा परत आना."

"अध्यक्ष, मी चांगली करून दिलीय ना?"

"चांगलीच हाय. त्योच घोटाळा हाय."

संस्थापक पूर्ववत पदावर रुजू झाले. मॅडमच्या साहेबांना विजयसिंहरावांनी फोनवर सांगितलं, "डोईफोडे सर सध्या परदेशात हायेत." या संपूर्ण व्यवहारातलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं. साहेबांनी आदरानं बरं म्हटलं. फाईल उघडली, ट्रक आला आणि बागा वेळेत मोकळ्या झाल्या. विजयसिंहरावांनी साऱ्या गावात पेढे वाटले.

कंपनीनं ज्यूसच्या बाटलीवर निळ्या कोटाचा फोटो छापला, खाली 'संस्थापकांच्या वैयक्तिक देखरेखीखाली पिकवलेला पेरू' असं लिहून. गावानं फाट्यावर डोईफोडे सरांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. जन्मतारीख कुणालाच माहीत नसल्यामुळे अध्यक्षांनी एका तारखेचा लावला आणि उपाध्यक्षांनी विरोध म्हणून दुसऱ्या. पुढच्या निवडणुकीत सरांना उभं करायचं का, यावर चर्चा चालू आहे. जात पडताळणीचं काय, एवढाच प्रश्न आहे, आणि डोईफोडे असल्यामुळे तोही सुटण्यासारखा आहे.

कंपनीला एका मापाचा पेरू लागतो. लहानमोठा उरलेला पेरू घेऊन स्वरूपाबाई सणसरला रस्त्याच्या कडेला बसतात. बाग तीच, झाड तेच, पेरू सकाळी तोडलेला.

परवा पुण्याकडची एक गाडी थांबली. काच खाली झाली. गोड आहेत का? फवारणी करता का? कापून दाखवा. कापून दाखवला, खाल्ला. भाव पाडून मागितला, तोही दिला. मग आतून आवाज आला, "नको. रस्त्यावरचं आहे, काय भरवसा?" काच वर गेली, आणि आत बाटलीचं बूच उघडलं. निळा कोट, हाताची घडी, प्रसन्न हसू.

स्वरूपाबाई रागावल्या नाहीत. काचेतून वाकून त्यांनी आत बसलेल्याचा चेहरा तेवढा नीट बघून ठेवला. ही गोष्ट लिहिणाऱ्या मला त्यांनी वर्णन सांगितलं, तेव्हा मीही म्हटलं, असू दे वहिनी, ओळखीचे आहेत, गोष्टी आवडीनं वाचतात.

ज्यूस कसा लागला तुम्हाला?