सुटलेला कोपरा

भिंतीला लावायची खळ आधी जिभेला लावून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्याच स्वयंपाकघरात, करंगळी तोंडात, डोळे मिटलेले. समोर खळीचं पातेलं. आणि ते पातेलं माझ्या बायकोच्या माहेरचं, तेव्हा ती कशी बघत होती ते विचारू नका.

"आंबूस हाय," शंकरतात्या म्हणाले. "मैदा जुना. भितीवर गेला की बुरशी धरतोय. पावणं, ताजा आणा जावा."

पावणं म्हणजे मी, माझ्याच घरात! पण तात्यांना सगळं जगच पाहुणं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कसबा बावड्यात आम्ही नवं घर बांधलं होतं आणि हॉलच्या एका भिंतीला वॉलपेपर हवा, हा हट्ट माझा. दुकानदारानं तात्यांना पाठवताना बजावलं होतं, "माणूस एक नंबर. फक्त बोलतोय लई."

बोलणं सगळं खळीवर. मैदा दोनदा चाळायचा, गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग उकळतं पाणी, आणि ढवळायचं एकाच बाजूनं. कीड लागू नये म्हणून शेवटी चिमूटभर मोरचूद, ते निळं विष. (चाखणं त्याच्या आधी, एवढी अक्कल त्यांना होती.) कागद जाड तर खळ घट्ट. "जाड कागदाला पातळ खळ म्हंजी पैलवानाला च्या-बिस्कूट!" प्लॅस्टिकचा चकचकीत कागद असला तर मात्र मैदा बाद, दुकानातली पावडरच. खळ लावली की कागदाची घडी घालून दहा मिनिटं थांबायचं. मी घाई केली तर ओरडले, "पिऊ द्या की त्याला! न्हाय तर भितीवर जाऊन फुगतोय."

कागद लावताना मला खाली बसवलं, टोक धरायला.

"आमचं असंच हुतं," तात्या शिडीवरून म्हणाले. "वर मी, खाली आमची मंडळी. तीस वर्सं. आता खाली ज्येचं घर त्योच."

मंडळी म्हणजे त्यांची बायको. जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला.

भिंत अशी झाली की शेजारी हात लावून बघून गेले. पावसाळ्यात ओल आली तरी कागद हलला नाही. फक्त दाराजवळचा खालचा कोपरा, वीतभर, दर दिवाळीच्या आधी सुटायचा. मग तात्यांना निरोप. ते पिशवी घेऊन यायचे, वाटीभर खळ शिजवायचे, दोनदा चहा घ्यायचे आणि दहा मिनिटांचं काम दुपारभर चालायचं. मला गंमत वाटायची. एवढा मोठा कारागीर, आणि वीतभर कोपरा आवरेना!

एका वर्षी मीच हुशारी केली. बाजारातून चिकटवायची ट्यूब आणली, कोपरा दाबून टाकला. चार दिवसांनी तात्या रस्त्यात भेटले, सायकलवर, आमच्याच घराकडे निघालेले.

"तात्या, यंदा तुम्हाला त्रास नाही! मीच चिकटवला. ट्यूबनं!"

ट्यूबचं नाव ऐकून ते अर्धा तास झापतील असं वाटलं होतं.

"बरं झालं की," म्हणाले, आणि सायकल वळवून आल्या वाटेनं गेले.

घरी येऊन मी ही बहादुरी सांगितली. बायको निवडत होती ती भाजी खाली ठेवून बघतच राहिली.

"अहो, त्या कोपऱ्याची खळ त्यांनी पहिल्याच दिवशी फडक्यानं पुसून घेतली होती. दर वर्षी तेच करतात. मी बघितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? वर्षातून एकदा येतात. त्यांच्या घरी बोलायला भिंतीच आहेत."

ती उठली, सुरी आणली आणि कोपऱ्याशी बसली. माझी ट्यूब भलतीच पक्की निघाली. कागद फाटला, गिलाव्यावर ओरखडे उठले. मग आम्ही दुकानदाराकडे निरोप ठेवला.

तात्या दुसऱ्या दिवशी आले. कोपऱ्याशी बसून त्यांनी फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग ओरखड्यांवरून. मी छताकडे बघू लागलो. बायको चहाच्या निमित्तानं आत पळाली.



"पावणं," शेवटी म्हणाले, "ह्ये लईच सुटलंय. आज काय उरकत न्हाई. उद्या बी यावं लागंल."

"या की तात्या," आतून बायकोचा आवाज आला. "जेवायलाच या."