रताळ्यांवर आशियाई चकाकी

पेरू देशातल्या लिमा शहरात रताळं उकडायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उकडायचं, काप करायचे आणि सेविचेच्या ताटात, लिंबात मुरलेल्या मासळीशेजारी गुमान ठेवून द्यायचे. पण तेओदोरोसाहेबांना इतकं साधं काही झेपणारं नव्हतं.

त्यांच्या मुलीला, रोसिओला, मागणी घालायला रविवारी मियाशिरो मंडळी जेवायला येणार होती. घराणं मूळचं जपानी. त्यांना परकं वाटू नये म्हणून रताळी आशियाई पद्धतीनं भाजायची, असं तेओदोरोंनी जाहीर केलं. आशियाशी त्यांचा संबंध कोपऱ्यावरच्या चिनी खाणावळीपुरता होता, पण तो फार जुना होता. बायकोनं, नेलिदानं, सेविचेच करू या का, असं हळूच विचारलं. तिची रवानगी बाहेरच्या खोलीत झाली.

सोया सॉस, आलं, लसूण, तिखट आणि चमक यावी म्हणून सढळ हातानं साखर, असा लेप त्यांनी भिंत रंगवायच्या ब्रशनं रताळ्यांना फासला. ब्रश नवा होता, हे नशीब. अर्ध्या तासानं पाहिलं तर रताळी दगडासारखी. पाहुणे तर यायला झालेले. मग वर आणखी लेप आणि ओव्हनची आच पूर्ण. साखर जळते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगणारी बाहेर बसली होती.

धुरानं घर भरलं. खिडकी उघडली तसा तो वरच्या मजल्यावर गेला आणि वरच्या बाईंनी शेजारधर्म पाळून बंब बोलावला. त्यामुळे मियाशिरो कुटुंब आणि बंबवाले एकदमच दारात आले. मुलाची आजी वयानं मोठी, म्हणून जवानांनी तिला आधी आत सोडलं.

"आग कुठंय?" मुख्य जवानानं विचारलं.

"आग नाही, जेवण आहे," रोसिओ म्हणाली.

रताळी ट्रेला डांबरासारखी चिकटली होती. एका जवानानं ती कटावणीनं सोडवून दिली. आजीनं एक उचललं, वरचं कवच फोडलं आणि चिमूटभर गर तोंडात टाकला.

"आतून बरं भाजलंय," ती म्हणाली. तेओदोरो फुलले. "हे वरचं काळं काय आहे?"

"आशियाई लेप, आजी. खास तुमच्यासाठी."

"आशियात कुठं करतात हे?"

तेओदोरो छताकडे पाहू लागले.

"मला काय माहीत असणार म्हणा," आजी म्हणाली. "माझा जन्म इथला, लिमाजवळच्या वाराल गावचा. जपान मी पाहिलेलाही नाही. बाळा, थोडं सेविचे मिळेल का?"

नेलिदा उठली. मासळी तिनं सकाळीच चिरून वरच्या बाईंच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, उकडलेल्या रताळ्यांसकट. वर लिंबं पिळली आणि थोड्याच वेळात पाहुणे, जवान, वरच्या बाई, सगळे जेवायला बसले.

लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी एकच अट घातली, तीही फार अदबीनं: लग्नाच्या दिवशी मुलीच्या वडिलांनी कशालाही हात लावायचा नाही.

"बघ, केवढा मान देतात," तेओदोरो नेलिदाला म्हणाले.