दामूअण्णांची माइक-परीक्षा

आमच्या परळच्या चाळीत दामूअण्णांशी बोलायचं म्हणजे आधी त्यांचा पंजा मध्ये यायचा. अंगठा स्वतःच्या कानाला, करंगळी समोरच्याच्या ओठांकडे. "एक वीत अंतर ठेवा हो!" तुम्ही रॉकेल आलं का विचारा, नाहीतर कुणी गेल्याचं सांगा, आधी वीत, मग बातमी.

हे खूळ शिरलं ते बोटीवरच्या मेहुण्याने त्यांना रेकॉर्डिंगचं मशीन आणून दिल्यापासून. अण्णांची बायको मागेच गेलेली. घरात ते आणि मुलगी सुमी. सुमी काम करता करता छान गायची आणि अण्णा "पुरे गं!" म्हणून ओरडायचे. तिचं लग्न ठरलं होतं, तेही लांब बेळगावला. दुसरा बाप भांडीकुंडी बघत फिरला असता. हे लॅमिंग्टन रोडवरून माइक आणत होते, नापसंत करून परत देत होते.

"गाणं आत, चाळ बाहेर! असा माइक पायजे."

आणि तपासायला गळा कुणाचा? अहो, माझा! संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत आमचं कलापथक गायचं. शिवाजी पार्कात एकदा कर्णा बंद पडला, तेव्हा मी तसाच रेटून गायलो. तेव्हापासून डोक्यात वारं शिरलेलं. बायकोला ऐटीत म्हटलं, "अण्णा माझा पोवाडा जतन करतायत."

"त्यांचे कान बरे आहेत ना?" ती म्हणाली.

पहिला माइक मशीनबरोबर आलेला. मी कानावर हात ठेवून दणकून "जी रं जी" लावलं. मग ऐकलं, तर गिरणीचा भोंगा, नळावरचं भांडण, शेजारच्या काकूंचं "मेल्या, दूध उतू गेलं!" आणि या सगळ्यांच्या पाठी कुठेतरी मी.

दुसरा रिबनचा, भारी नाजूक. माझ्या पहिल्याच आरोळीला अण्णांनी तो उचलून पोटाशी धरला. "अहो, हळू! माइक आहे तो, सरकार नव्हे!"

तिसरा डायनॅमिक, चांगला वजनदार. खिडकीला गोधड्या, दाराला सतरंजी आणि मध्ये घामाघूम मी. गायलो, ऐकलं. चाळ गायब! उरलो फक्त मी. अरे देवा!

"अण्णा, हे कोण रेकतंय?"

"तुम्हीच. हुबेहूब आलंय!" अण्णा खुशीत मांडी थोपटत म्हणाले. "हाच घ्यायचा. आता सुमीला बसवतो. एकदा सासरी गेली की तिचं गाणं कुठे ऐकणार मी?"

म्हणजे मी कोण? तराजूतलं वजन! रागावून उठणारच होतो, पण सुमी हसू दाबत चहा घेऊन आली. मग प्यालो मुकाट्याने.

सुमी गायली. लग्न झालं. मांडवात अण्णा ठणठणीत होते. रुखवतातल्या लाडवांनाही नावं ठेवून झाली. सुमी बेळगावला गेली.

पुढच्या रविवारी दुपारी सहज डोकावलो. अण्णा मशीनपुढे बसले होते. गाणं नुकतंच संपलं होतं, पण मशीन त्यांनी बंद केलं नव्हतं. जराशी खरखर झाली आणि सुमीचा आवाज आला. माइक चालू आहे हे पोर विसरली होती.

"झालं ना अण्णा? उठा आता. आमटी निवतेय."

"आलो गं," अण्णा म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठायलाही लागले. तेवढ्यात मी दिसलो.

मला एकदम गलबलून आलं. म्हटलं, "अण्णा, चला, आज आमच्याकडे जेवा."

"येतो. एवढं एकदा ऐकतो."

त्यांनी टेप मागे फिरवली. गाण्यापर्यंत नेली नाही. आमटीपर्यंतच नेली.